लघवीची गोष्ट: बॉस्टनच्या बाटलीपासून सांताक्रूझच्या रांगेपर्यंत

हेडफोन लावले असतील तर बरंच आहे, कारण आजचा शब्द आपण चारचौघांत मोठ्याने म्हणत नाही. लघवी. घरात आपण "जाऊन येते" म्हणतो, ऑफिसात "वॉशरूम" म्हणतो, शाळेत तर नुसती करंगळी वर करायचो. आता ज्या गोष्टीला धड शब्दच वापरायचा नाही, तिचा त्रास झाला तर तो सांगायचा कसा? त्यातून ती बाई गरोदर असेल तर?

आजचा भाग त्याबद्दल आहे. गरोदरपणात होणारं लघवीचं इन्फेक्शन, आणि त्यामुळे बाळ वेळेआधी जन्माला येण्याचा धोका. विषय डॉक्टरी वाटेल, पण आपण इतिहासाच्या वाटेने जाणार आहोत. ही वाट बॉस्टनच्या एका सरकारी दवाखान्यातून निघते, गिरणगावातून आणि गडचिरोलीतून जाते आणि आपल्या सांताक्रूझला येऊन थांबते.

आधी एक आकडा. 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व म्हणतात. 2020 साली जगात अशी साधारण 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली आणि त्यातली 30 लाखांहून जास्त एकट्या भारतात. म्हणजे पाचातलं एक आपलं. यामागे कारणं पुष्कळ असतात आणि कित्येकदा नेमकं कारण सापडतच नाही. पण आधी पकडता येतात आणि साध्या गोळ्यांनी बरी होतात अशी जी थोडी कारणं आहेत, त्यात लघवीचं इन्फेक्शन येतं. म्हणून हा भाग.

"उन्हाळी लागली असेल"

हा त्रास काही आजचा नाही. लघवी करताना जळजळ झाली की आपल्याकडे "उन्हाळी लागली" म्हणतात. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी सुरू होतं. आयुर्वेदात याला मूत्रकृच्छ्र म्हणतात आणि चरकसंहितेत त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. म्हणजे लोकांना त्रास माहीत होता, नावही होतं. पण कारण शरीरात वाढलेली उष्णता, असा समज होता. पाणी जास्त पिणं चांगलंच आहे. फक्त इन्फेक्शन असेल तर ते धन्याच्या पाण्याने जात नाही, आणि या घरगुती उपायांत जे आठ दिवस जातात ते गरोदर बाईला परवडणारे नसतात.

युरोपातही वेगळं चित्र नव्हतं. पिएर राये नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1840 च्या आसपास किडनीच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात गरोदर बायकांच्या किडनीला येणाऱ्या सुजेची नोंद केली. पण ती सूज येते कशाने, हे त्यालाही कळणं शक्य नव्हतं, कारण जंतूंचा शोध अजून लागायचा होता. 1885 साली थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने बाळांच्या शीमध्ये एक जंतू पाहिला. पुढे त्याच्याच नावावरून त्या जंतूला ई. कोलाय म्हणायला लागले. लघवीच्या बहुतेक इन्फेक्शनमागे हाच असतो. तो आतड्यात राहतो तोपर्यंत त्याची कटकट नसते. तिथून लघवीच्या मार्गात शिरला की त्रास सुरू होतो. बायकांमध्ये हा मार्ग आखूड असतो, गुदद्वाराच्या जवळ असतो, त्यामुळे त्याला लांब चालावं लागत नाही.

गरोदरपणातच धोका का वाढतो?

दोन मिनिटं शरीरशास्त्र ऐका, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या दोन नळ्या असतात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि त्याने या नळ्या सैल पडतात. वर गर्भाशय वाढत जातं आणि त्या दाबल्या जातात, त्यातही उजवी जास्त. लघवीचा प्रवाह मंदावतो, लघवी तुंबते. वाहत्या पाण्यात शेवाळ धरत नाही, साचलेल्या पाण्यात धरतं, तसंच इथे. एरवी मूत्राशयात गप्प बसले असते असे जंतू या संथ पाण्यातून वर किडनीपर्यंत पोचतात.

किडनीला इन्फेक्शन झालं की थंडी वाजून ताप येतो, कंबरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखतं, उलट्या होतात. शरीर जंतूंशी लढायला लागतं आणि त्या लढाईत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. गर्भाशयाला कळा आणण्याचं कामही हीच रसायनं करतात. म्हणजे लढाई किडनीत चाललेली असते आणि कळा सातव्या-आठव्या महिन्यातच सुरू होऊ शकतात.

आता यातली फसवी गोष्ट. पुष्कळ बायकांच्या लघवीत जंतू भरपूर असतात, पण त्रास काहीच नसतो. जळजळ नाही, ताप नाही. वारंवार लघवीला जावं लागतं म्हणावं, तर ते गरोदरपणात सगळ्यांनाच होतं. मग हे मुकं इन्फेक्शन ओळखायचं कसं? इथे आपली गोष्ट बॉस्टनला जाते.

एक लाखाची रेघ

1950 च्या दशकात बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये एडवर्ड कॅस नावाचे डॉक्टर काम करत होते. हे शहराचं सार्वजनिक हॉस्पिटल, आपल्या महापालिकेच्या हॉस्पिटलसारखं, गरिबांचं. कॅस यांच्यापुढचा प्रश्न ऐकायला अगदी साधा होता. लघवीच्या नमुन्यात जंतू दिसले तर ते मूत्राशयातले, की बाटलीत घेताना बाहेरच्या कातडीवरून पडलेले? तोवर डॉक्टर लोक अंदाजाने ठरवायचे.

कॅस यांनी जंतू मोजायला घेतले. मोजता मोजता दिसलं, की बाहेरून पडलेले जंतू थोडे असतात आणि आत वाढणारे प्रचंड असतात. एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा जास्त जंतू असले, तर ते आतलेच समजावेत अशी रेघ त्यांनी आखली. साठ-सत्तर वर्षं झाली, पण आजही लॅबच्या रिपोर्टवर हा एक लाखाचा आकडा भेटतो.

मग त्यांनी गरोदर बायकांची तपासणी सुरू केली. शंभरात साधारण सहा जणींना हे मुकं इन्फेक्शन निघालं. या बायकांचे दोन गट केले. एका गटाला सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्याला औषध नसलेल्या दिखाऊ गोळ्या. 1960 च्या सुमारास निकाल प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्या गटात शंभरातल्या चाळीसेक जणींना पुढे किडनीचं इन्फेक्शन झालं. औषध मिळालेल्यांमध्ये ते जवळपास झालंच नाही. आणि मुदतपूर्व बाळंतपणंसुद्धा औषध न मिळालेल्या गटात जास्त झाली.

इथे क्षणभर थांबू या. इन्फेक्शन आहे हे माहीत असताना औषध न देणं हा नैतिकदृष्ट्या अवघड प्रश्न आहे. जगाला जे ज्ञान मिळालं त्याची किंमत त्या दुसऱ्या गटातल्या बायकांनी मोजली. रिपोर्टवर एक लाखाचा आकडा दिसेल तेव्हा त्यांचीही आठवण असू द्या.

मग वाद कशाचा?

इतिहास इतका सरळ संपत नाही. कॅस यांच्यानंतर अनेक देशांत असे अभ्यास झाले. किडनीच्या इन्फेक्शनबद्दल बहुतेकांचं एकमत झालं. मुदतपूर्व बाळंतपणाबद्दल मात्र काहींना तसाच निकाल मिळाला, काहींना नाही. प्रश्न असा होता, की बाळ लवकर येण्याचं कारण जंतू आहेत, की ज्या गरिबीत, ज्या अशक्तपणात हे जंतू वाढतात ती परिस्थिती? 1989 साली रोबेर्तो रोमेरो आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले आणि संबंध आहे असं दाखवलं. 2015 साली नेदरलँड्सच्या अभ्यासात 4,283 बायकांची तपासणी झाली. त्यात मुकं इन्फेक्शन असून उपचार न मिळालेल्यांपैकी शंभरात दोन-अडीच जणींनाच किडनीचा त्रास झाला, आणि मुदतपूर्व बाळंतपणाशी संबंध दिसला नाही.

मग कोण खरं? डच अभ्यासातल्या बायका निरोगी होत्या, त्यांचं गरोदरपण कमी जोखमीचं होतं. तो निकाल उचलून मुंबईच्या वस्तीवर ठेवता येणार नाही. आजवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी सांगते, की उपचाराने किडनीचं इन्फेक्शन साधारण तीन-चतुर्थांशाने कमी होतं. मुदतपूर्व बाळंतपणही कमी होतं असं दिसतं, पण तो पुरावा तितका पक्का नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शनात गरोदर बाईच्या लघवीचं कल्चर करायला आणि जंतू निघाले तर सात दिवसांचा अँटिबायोटिक कोर्स द्यायला सांगितलं आहे.

तेव्हा कोणी व्हॉट्सॲपवर "लघवीच्या इन्फेक्शनने बाळ लवकर होतंच" असं पाठवलं, तर ते खरं नाही. आणि "काही होत नाही गं, सगळ्यांनाच होतं" हेही खरं नाही.

मुंबईने काय मोजलं?

आता घरी येऊ. गरोदर बाईच्या तब्येतीचा प्रश्न तिच्या कामाशी, तिच्या जागेशी जोडलेला असतो, हे मुंबईला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

1921 साली मुंबई शहरात नोंदलेला बालमृत्युदर हजारी सहाशेच्या वर गेला होता. बाळंतपणाला गावी जाण्याची पद्धत असल्याने शहरात जन्म कमी नोंदले जायचे, म्हणून आकडा फुगलेला होता हे खरं. तरी तो भयंकरच होता, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत सगळ्यात वाईट. त्याच काळात सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. 1922 साली त्यांचा अहवाल आला. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत बाई कशी बाळंत होते, कामावर कधीपर्यंत जाते, हे सरकारी कागदावर आलं.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली मुंबई प्रांतात कायदा झाला, भारतातला या प्रकारचा पहिला.

नेमक्या याच वर्षांत ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत गरोदर गिरणी कामगार बायकांमधल्या ॲनिमियाचा अभ्यास करत होती. तिच्या कामातून पुढे फॉलिक ॲसिडपर्यंतची वाट सापडली. आज जगभर गरोदर बायकांना जी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, तिची मुळं आपल्या गिरणगावात आहेत.

पुढची मोजणी गडचिरोलीची. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या मासिकात निष्कर्ष आले. 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. लघवीचं इन्फेक्शन हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. पण बाई सांगत नाही म्हणजे तिला त्रास नाही असं धरून चालणाऱ्या सगळ्यांना त्या अभ्यासाने जागं केलं.

लघवीचा हक्क

गप्प राहण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते अगदी रस्त्यावरचं आहे. जायला जागा नाही.

2011 च्या सुमारास मुंबईत तीसेक संस्था एकत्र आल्या आणि 'राइट टू पी' हे आंदोलन उभं राहिलं. त्यात चेंबूरची कोरो ही संस्था पुढे होती, आणि मुमताज शेख, सुप्रिया सोनार या कार्यकर्त्या. नावावरून लोक हसले, आणि हसता हसता विषय पेपरात आला. मागणी एवढीच, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला लघवीचे पैसे, हे बंद करा. स्वच्छतागृहं वाढवा, स्वच्छ ठेवा, तिथे बाई कर्मचारी नेमा.

यांनीही मोजणी केली. वॉर्डावॉर्डात फिरून स्वच्छतागृहं पाहिली. 2012 साली प्रसिद्ध झालेले आकडे असे होते: मुंबईत पुरुषांसाठी 5,993 सार्वजनिक शौचालयं आणि बायकांसाठी 3,536. वर पुरुषांसाठी 2,466 मुताऱ्या वेगळ्या. पैसे का घेता, तर म्हणे बाई बंद दाराआड काय करते ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सरसकट दर. आंदोलनाने 50 हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या. 2015 साली मुमताज शेख यांचं नाव बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना बायकांच्या स्वच्छतागृहांबाबत पावलं उचलायला सांगितलं.

याचा बाळंतपणाशी काय संबंध, असं विचाराल तर त्याच वर्षीचा ओडिशातल्या खेड्यांचा अभ्यास बघा. 670 गरोदर बायकांचा पाठपुरावा केला गेला. उघड्यावर जावं लागणाऱ्या बायकांमध्ये मुदतपूर्व बाळंतपणाचं प्रमाण शौचालय असलेल्यांपेक्षा जास्त निघालं, गरिबीचा हिशोब वेगळा धरूनसुद्धा.

सांताक्रूझ पूर्व, सकाळी आठ

आता तुमच्या-माझ्या ओळखीचं चित्र. नालासोपाऱ्याहून एक बाई लोकल पकडते, अंधेरीला गाडी बदलते, सांताक्रूझला उतरते. लोकलमध्ये शौचालय नाही. स्टेशनवरच्या बाथरूमला रांग, शिवाय आत जाववत नाही. तिथून शेअर रिक्षाने वाकोल्याला किंवा कलिन्याला. चार घरची कामं, आणि त्यातल्या किती घरांत तिला बाथरूम वापरू देतात ते प्रत्येकाने आपापल्या मनाशी आठवावं. मग ती काय करते? सकाळपासून पाणीच पीत नाही. सहावा महिना लागलेला असला तरी पीत नाही. गोळीबारसारख्या वस्तीत राहणारीला लोकलचा त्रास नसेल, पण घरात शौचालय नसेल तर सार्वजनिक शौचालयाची रांग आणि रात्रीची भीती आहेच. 1929 चा कायदा गिरणीतल्या बाईसाठी होता. आजची 26 आठवड्यांची पगारी रजा संघटित नोकरीतल्या बाईसाठी आहे. चार घरी काम करणारी दोन्हीच्या बाहेर.

सांताक्रूझ पूर्वेला महापालिकेचं व्ही. एन. देसाई हॉस्पिटल आहे. शिवाय 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. सोय आहे. मग अडतं कुठे?

नीट ऐका, आजच्या भागातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. "माझी लघवी तपासली" असं बाई सांगते तेव्हा बहुतेक वेळा स्ट्रिप बुडवून अल्ब्युमिन आणि साखर पाहिलेली असते. तीही हवीच, बीपीचा आणि डायबिटीसचा धोका त्यातून कळतो. पण कॅस यांनी केली ती जंतूंची मोजणी त्यात नाही. त्यासाठी कल्चर लागतं. नमुना तासा-दोन तासांत लॅबमध्ये जावा लागतो, जंतू वाढायला वेळ द्यावा लागतो, रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे बाईची आणखी एक खेप, आणखी एक खाडा. जागतिक शिफारस असली तरी आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईचं कल्चर होतंच असं नाही, त्यामागे ही अशी साधी कारणं आहेत.

तर लक्षात काय ठेवायचं?

तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये कोणी गरोदर असेल, तर तीन-चार गोष्टी सांगा.

पहिल्या काही महिन्यांतच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "लघवीचं कल्चर करायचं का?" नमुना देताना जागा धुऊन, पहिली थोडी धार सोडून मधली लघवी बाटलीत घ्यायची.

जळजळ, घाण वास, लघवीत रक्त असेल तर दवाखान्यात जा. थंडी वाजून ताप, पाठीत दुखणं, उलट्या किंवा वेळेआधी कळा असतील तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका, कारण काही अँटिबायोटिक गरोदरपणात चालत नाहीत. आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स "बाळाला गरम पडेल" म्हणून अर्धवट सोडू नका. अर्धवट कोर्सने जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. आपल्याकडे औषधांना न जुमानणारे ई. कोलाय आधीच वाढलेत.

आणि शेवटची गोष्ट पुरुष श्रोत्यांसाठीही. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना बाथरूम कुठे आहे ते सांगा. विचारायची वाट बघू नका, त्या विचारणार नाहीत. याला कुठला अभ्यास, कुठला कोर्ट ऑर्डर लागत नाही.

हा भाग लाजून एकट्याने ऐकला असाल तर आता एका माणसाला पाठवा, ज्याच्या घरी पाळणा हलणार आहे. भेटू पुढच्या भागात. पाणी प्या, आणि लागली की जाऊन या!